संपदाला नाणी जमवायची आहेत

यशवंतपूर, बेंगळुरू
रविवार, दुपार

प्रिय संयोगिता,

तुझा मेसेज मिळाला. दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. तुझ्या संपदाने शाळेबरोबर जाऊन नाण्यांचं प्रदर्शन पाहिलं, काचेखालची प्रूफ नाणी पाहून वेडी झाली आणि आता मलाही जमवायची म्हणून तुझं डोकं खातेय, हे वाचून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण पुढे तू लिहितेस, अण्णा, काय घ्यावं, कसं सांभाळावं ते नीट लिहून पाठवा, मात्र तुमच्या पेटीतलं एकही नाणं तिला देऊ नका. ती पेटी आमच्या घरात नको, माझ्या हातांचं तुम्हाला माहीतच आहे, असंही लिहितेस. अगं, ती पेटी मी संपदासाठीच ठेवली आहे. मला एकाहत्तर पूर्ण झाली. मी ती दुसऱ्या कुणाला देऊ? तू अशी दारात आडवी उभी राहिलीस तर पोरीला काही मिळायचं नाही. तेव्हा हे पत्र सल्ल्याचं आहे आणि तुझी समजूत काढण्याचंही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

फोनवर बोललो असतो. पण नाण्यांचा विषय निघाला की तुझ्या कुकरला शिट्ट्या होतात. गेल्या पाच-सहा वर्षांत तुझ्याकडे एवढ्या शिट्ट्या झाल्या आहेत की डाळीचं पाणी झालं असेल. तुझी शाळा कन्नडमधली, मराठी वाचताना तू अडखळतेस, हेही मला ठाऊक आहे. पण इंग्रजी मला जमत नाही, आणि कन्नडमधून मला भांडता येतं, मनातलं सांगता येत नाही. सावकाश वाच. संपदालाही वाचून दाखव. फक्त शेवटच्या कागदावर वरती मी तांबडी रेघ मारली आहे, तो आधी तू एकटीने वाच.

तर पहिली गोष्ट. प्रूफ म्हणजे काय, हे तिला धड समजलं पाहिजे. लोकांना वाटतं नवंकोरं चकचकीत नाणं म्हणजे प्रूफ. अजिबात नाही. प्रूफ ही नाणं पाडायची रीत आहे. चकती आधी घासूनपुसून आरशासारखी करायची, डाय, म्हणजे छापाचा साचा, तीही तशीच करायची, आणि एकाच नाण्यावर दोनदा ठोका द्यायचा. मग मोकळी जागा आरशासारखी होते आणि उठावाचं चित्र त्यावर दुधाळ, सायीसारखं दिसतं. मी पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात चौतीस वर्षं डाय आणि मोल्ड पॉलिश केले. टाकसाळीचे नव्हेत, शाम्पूच्या बाटल्यांचे. पण आरसा तो आरसाच. स्टीलला तसा आरसा आणायला किती दिवस लागतात, कुठे बोट घसरतं, कुठे घाई नडते, हे माझ्याइतकं नाणी विकणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून तर भीमाचार्यांनी पहिल्यांदा मला प्रूफ नाणं दाखवलं तेव्हा मी चित्राकडे पाहिलंच नाही, नुसत्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिलो.

भीमाचार्य तुला आठवतात ना? उंच, कपाळाला गंध, पोस्टात होते ते. अजून मल्लेश्वरमलाच असतात, ब्याऐंशीचे झाले, जिने अजून चढतात. मला जे येतं ते त्यांनी शिकवलेलं. त्यांच्याकडे नाणी बघायला बसायचं तर आधी साबणाने हात धुवायचे, अंगठी काढायची, टेबलावर दुमडलेला टॉवेल घालायचा, आणि नाणं टॉवेलाच्या वर दोन इंचांपेक्षा उचलायचं नाही, म्हणजे पडलं तरी लागत नाही. धरायचं फक्त कडेने, दोन बोटांत. आणि नाण्यावर वाकून बोलायचं नाही. थुंकीचा सुईएवढा थेंब पडला तरी दोन वर्षांनी तिथे काळा ठिपका उमटतो. एकदा मी नाण्यावर वाकून काहीतरी बडबडायला लागलो तर त्या सोवळ्या माणसाने मला चक्क बायी मुच्चु म्हणून गप्प केलं, आणि मग अर्धा तास ओशाळून माझ्यापुढे कॉफी ठेवत राहिले. संपदाची बडबड मला माहीत आहे. तिला मास्क घालायला सांग, कोविडमधले उरले असतील घरात.

दुसरं, घाई करू नये. सुरुवातीला तिच्या जन्माच्या वर्षाचा एखादा संच घ्यावा. सरकारी टाकसाळीचे संच डबीत, कागदासकट मिळतात. डबी आणि कागद दोन्ही जपायचे, नुसतं सुटं नाणं घ्यायचं नाही. जुन्यांत जायचं असेल तर एकोणीसशे एकोणसत्तरपासूनची स्मारक नाणी बघावीत. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर सालाखाली बारीक बी असतो, शहाण्णवपासून पुढे एम. तो भिंगातून बघायची सवय लावावी. इंग्रजांच्या काळातल्या प्रूफांच्या वाटेला एवढ्यात जाऊ नये. त्यातली पुष्कळशी जुन्या डायवरून मागाहून पाडलेली आहेत. ती खोटी नाहीत, पण जी पहिली पाडली ती नव्हेत, आणि विकणारा हा फरक आपण होऊन सांगेलच असं नाही. मी पुण्याच्या प्रदर्शनात एकाला हे विचारलं, तर आधी त्याला माझ्या मराठीची गंमत वाटली. तुम्ही मूळचे कुठले म्हणाला. म्हटलं, बेंगळुरूचे, आमच्या घराण्याला तिथे चारशे वर्षं झाली. मग मी पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा त्याने ते नाणं परत काचेखाली ठेवलं.

तिसरं, साधं नाणं घासून प्रूफ म्हणून विकणारे आहेत, खूप आहेत. तिने अक्षरांकडे पाहावं. खऱ्या प्रूफच्या अक्षरांच्या कडा ब्लेडसारख्या तीक्ष्ण असतात. घासलेल्याच्या कडा झिजून गोल होतात, विरघळणाऱ्या खडीसाखरेसारख्या. शून्याच्या पोटात बघावं, आठाच्या पोटात बघावं. तिथे घासण्याची चमक पोचलेली नसते. शंका आली की घेऊ नये. विकणारा लाख अक्का-अक्का करेल, सरी, बरं आहे, म्हणावं आणि निघून यावं. दुकानातून रिकाम्या हाती परत येणं हेसुद्धा शिकावं लागतं, मला ते चाळिशीनंतर जमलं.

सांभाळायचं म्हणशील तर मऊ प्लास्टिकची पाकिटं नकोत, त्यांनी नाण्यावर हिरवा चिकटा येतो. कपाटात डांबराच्या गोळ्या नकोत, कापूर नको. देवघराला लागून असलेल्या कपाटात तर मुळीच नको, उदबत्तीचा धूर सगळीकडे शिरतो. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून देऊ नका, त्या डब्यात घालाव्यात. आपल्याकडे हवा बरी आहे, मुंबईसारखी नाही, तरी पावसाळ्यात स्वल्प जपावं लागतं.

आणि चौथं, सगळ्यात मोठं. प्रूफ नाणं कधी साफ करायचं नाही. चिंचेने नाही, पावडरीने नाही, मऊ फडक्यानेही नाही. ते काळवंडलं तर काळवंडू द्यावं. इथवर वाचून तू मान खाली घातली असशील, मला दिसतंय. मी तो विषय टाळू शकलो असतो. पण टाळून टाळूनच इथवर आलोय, म्हणून लिहितो.

नव्व्याण्णव सालची वरमहालक्ष्मी. श्रावणातला शुक्रवार, तू अकरा वर्षांची. तुझ्या अम्माने सकाळपासून कलश मांडला होता, त्याला निऱ्या घालून साडी नेसवली होती, मुखवटा बसवला होता. दरवर्षी देवीपुढे घरातली चांदी ठेवायची, आणि चांदी विभूतीने घासायची, ही आपल्या घरची रीत. पुण्या-मुंबईकडचे नातेवाईक अजून हसतात, की भस्म कपाळाला लावायचं सोडून निरांजनाला काय लावता! त्या वर्षी अम्माने विभूतीची वाटी तुझ्या हातात दिली आणि सगळी चांदी घास म्हणाली. तू निरांजनं घासलीस, कुंकवाचा करंडा घासलास, आणि मग तुझ्या मनात आलं, की अण्णांचं एक मोठं चांदीचं नाणं कपाटात आहे, तेही देवीपुढे ठेवू. चौऱ्याहत्तर सालचं पन्नास रुपयांचं प्रूफ नाणं, वर नियोजित कुटुंबाचं चित्र. ते मी तुझ्या जन्माच्या वर्षी घेतलं होतं, तुझ्याच नावाने. एकच मूल पुरे असं ठरवलेल्या माणसाने दुसरं कुठलं नाणं घ्यायचं! तू ते डबीतून काढलंस आणि विभूतीने घासलंस.

मी पहिल्या पाळीवरून घरी आलो. अरिशिण-कुंकवाला बायका बसल्या होत्या, आत तुझी आजी होती, शेजारच्या दोघी होत्या. देवीपुढच्या ताटात ते नाणं दिसलं आणि मी डोक्यात राख घालून घेतली. सगळ्यांसमोर तुझा हात धरून, तो वर करून ओरडलो, की हे हात आहेत की कानस आहे. पॉलिशरच्या तोंडून कानस ही किती मोठी शिवी आहे, ते त्या बायकांना कळलं नसेल, पण तुला कळलं. तू लहानपणापासून माझ्या हत्यारांत खेळलेली. तू रडली नाहीस. हात धुवायला गेलीस आणि खूप वेळ आलीच नाहीस. मी त्यानंतर पंधरा दिवस तुझ्याशी बोललो नाही. अम्मा मात्र माझ्याशी महिनाभर बोलली नाही, ते बरोबरच होतं.

मला वाटलं, पोर विसरेल. तू रांगोळी घालायची बंद झालीस, मी म्हटलं वय वाढलं. दहावीनंतर टूलरूमच्या डिप्लोमाला तुझा नंबर लागला होता. मुलींत तू एकटी होतीस, मी कारखान्यातल्या सगळ्या शॉपमध्ये पेढे वाटले होते. तू नको म्हणालीस आणि कॉमर्सला गेलीस. मी का म्हणून विचारलंही नाही. आज तू बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात डिस्पॅचचं सगळं ऑफिस सांभाळतेस, त्यात कमीपणा काही नाही. पण मागे तुझ्याकडे वरमहालक्ष्मीला आलो तेव्हा पाहिलं, कलशाला साडी नेसवायला तू शेजारच्या सौम्याला बोलावलंस आणि स्वतः लांब उभी राहून निऱ्या कशा हव्यात ते सांगत होतीस. तुझ्या अम्माला अशा निऱ्या यायच्या नाहीत, एवढं नेमकं तू सांगत होतीस. आणि आता तुझ्या मेसेजात लिहिलेलं वाचलं, माझ्या हातांचं तुम्हाला माहीतच आहे. सव्वीस वर्षं झाली, संयू. तू सदतीस वर्षांची बाई आहेस आणि अजून त्या एका वाक्याखाली आहेस.

इथपर्यंत संपदाला वाचून दाखवायला हरकत नाही. यापुढचा कागद तुझा.

पेटीत सगळ्यात खाली निळ्या कागदात ते पन्नासाचं नाणं आहे. मी ते टाकलं नाही, विकलं नाही. पेटी तुझ्या हाती आली की ते घे, खोलीतले बाकीचे दिवे बंद कर, एकाच टेबललॅम्पखाली धर आणि हळूहळू फिरव. तुला दोन तऱ्हेचे ओरखडे दिसतील. एक आखूड, सरळ, वरवरचे, कडेजवळ, मोजून सात-आठ. ते विभूतीचे. अकरा वर्षांच्या पोरीच्या बोटांत जोर तो किती! दुसरे गोल गोल, एकात एक, नाण्याच्या मोकळ्या जागेभर पसरलेले, चित्राच्या अंगावरूनही गेलेले. त्यांनी चित्रावरची सगळी साय खरवडून नेली आहे. ते हाताने होत नाहीत. ते फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चाकाने होतात, चाक मशीनवर फिरत असताना. ते माझे आहेत. त्या वर्षीच्या मे महिन्यात मला नाण्यावर अंगठ्याचा पुसट ठसा दिसला. माझ्याच अंगठ्याचा, शॉपमधल्या कुणाला तरी दाखवताना उमटलेला. भीमाचार्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, काही करू नका म्हणून. पण मी पीण्यातला नावाजलेला पॉलिशर! जे हात स्टीलचा आरसा करतात त्यांना चांदीवरचा एक ठसा निघणार नाही, असं मला वाटलं. जेवणाच्या सुट्टीत ते नाणं शॉपमध्ये नेलं, चाकावर बारीकातली बारीक डायमंड पेस्ट लावली, आणि दहा सेकंदांत नाणं मेलं. मी ते पुसून डबीत ठेवलं आणि कुणाला काही बोललो नाही. मला लाज वाटली. म्हणजे श्रावणात तू ते हातात घेतलंस तेव्हा त्यात बिघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ताटात ते दिसलं तेव्हा मला राग आला नव्हता, संयू. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता हे कुणी केलं असं कुणी विचारणार नव्हतं. म्हणून तर मी एवढ्या मोठ्याने ओरडलो. आठवड्याभरात भीमाचार्यांनी ते भिंगाखाली घेतलं आणि चाकाची वर्तुळं लगेच ओळखली. पोरीला खरं सांगा, एवढंच म्हणाले. मी उद्या सांगतो म्हणालो. पुढच्या श्रावणात त्यांनी विचारलं, सांगितलंत का, तर मी हो म्हणालो. त्यांच्याशीही खोटं बोललो. तुझी अम्मा शेवटपर्यंत स्वतःला बोल लावायची, की विभूतीची वाटी मीच पोरीच्या हातात दिली. हॉस्पिटलमध्येसुद्धा एकदा म्हणाली. मी तिच्या उशाशी बसलो होतो, आणि गप्प बसलो. मी माफी मागतो, पण तू ती द्यायलाच हवी असं नाही. पुढच्या रविवारी ये. आता तुमच्याकडूनही मेट्रो आहे, आर. व्ही. रोडला बदललीस की थेट यशवंतपूर. संपदाला आण, आणि पेटीतली नाणी तिला तू काढून दाखव, मी लांब बसेन. यायचं नसेल तर मी समजेन, पेटी घेऊन मी येईन आणि दारात ठेवून जाईन. तुझ्या अम्माला, माझ्या कमलाला, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. तुला सांगायचं राहू नये, म्हणून हे पत्र.

तुझाच अपराधी,
अण्णा